जुन्या डिझेल गाडीची हिस्ट्री घेणाऱ्याला कळली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो. वडापच्या, म्हणजे शेअर भाड्याच्या, कमांडर आणि ट्रॅक्स जीपगाड्या जोरात होत्या तेव्हापासून हेच काम, आता मेकॅनिकल पंपाच्या जागी कॉमन रेलचे (एकाच पाइपमधनं सगळ्या नोझलला जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या सिस्टिमचे) इंजेक्टर टेबलावर येतात एवढाच फरक. आपल्या पेपरात खड्डे, टोल, पार्किंग यावर पत्रं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण ज्या व्यवहारात आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसाचे पैसे डोळ्यादेखत बुडायलेत त्यावर कोण लिहीत नाही, म्हणून हे पत्र. विषय आहे जुनी डिझेल गाडी घेणं आणि सांभाळणं.

माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक कोण ते आधी सांगतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड बाजूची पोरं, पंचविशीतली, पतसंस्थेचं कर्ज काढून नाहीतर आईचे दागिने गहाण टाकून जुनी पिकअप किंवा छोटा हत्ती घेतलेली, दूध आणि भाजी ओढायची, गुळाचा सीझन आला की शाहू मार्केट यार्डात खेपा मारायच्या आणि हप्ता फेडायचा असा सगळा हिशोब. गाडी घेताना एकदम चकाचक, पॉलिश मारलेली, टायर काळे केलेले, सीटकव्हर नवीन कोरं. मग दोन-चार महिन्यांत गाडीची ओढ कमी होते, सकाळी स्टार्ट घेत नाही, चढाला धूर ओकते, आणि कोणतरी सांगतं की उद्यमनगरात जाऊन नोझल दाखव. खोलून बघितलं की इंजेक्टर गंजलेले, रेलमधे तांबडा गाळ, पंपाच्या प्लंजरवर (डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर) ओरखडे. म्हणजे डिझेल लाइनला पाणी लागलंय आणि ते काय काल-परवा लागलेलं नाही. त्या पोराला खर्चाचा आकडा सांगताना मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक त्याची नसते, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

जुनी डिझेल गाडी घेऊच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. नीट ठेवलेलं डिझेल इंजिन तीन लाख किलोमीटर आरामात जातं, माझ्यासमोर अशा गाड्या रोज येतात. मारुतीत जे १.३ चं मल्टिजेट इंजिन यायचं, स्विफ्ट, डिझायर, एर्टिगात, तेच फियाटचं इंजिन टाटाच्या व्हिस्टा-मांझात पण होतं, मारुतीनं एप्रिल २०२० ला बीएस सिक्स हा धुराचा कडक नियम आल्यावर डिझेल बंद केलं तरी त्याचा पार्ट आजपण गल्लीत मिळतो आणि हातात बसलेले मेकॅनिक गावोगावी आहेत. बोलेरोचं पण तसंच. माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीनं काय काय भोगलंय ते घेणाऱ्याला माहिती पाहिजे, आणि आज ते लपवणं विकणाऱ्याला लई सोपं झालंय.

त्याआधी एक गोष्ट, डिझेल कुणी घ्यावी. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल-डिझेलमधे लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, तेव्हा ज्याला त्याला डिझेलच पाहिजे होती. ऑक्टोबर २०१४ मधे केंद्रानं डिझेलचे दर मोकळे केले आणि तो फरक कमी होत होत निम्म्यावर आला. पण लोकांच्या डोक्यातनं 'डिझेल म्हणजे स्वस्त' हे अजून जात नाही. तुमचं महिन्याचं रनिंग जर राजारामपुरीतनं महाद्वार रोड, पोरं शाळेत सोडायची, रविवारी जोतिबा, एवढंच असेल तर कृपा करून डिझेल घेऊ नका, विशेषतः बीएस सिक्स डिझेल. आता २०२०-२१ च्या गाड्या सेकंडहँडला यायला लागल्यात आणि त्यांच्या सायलेन्सर लाइनमधे डीपीएफ म्हणून एक फिल्टर असतो, तो धुरातली काजळी धरून ठेवतो आणि एक्झॉस्ट साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापला की ती जाळून टाकतो. इतका ताप यायला गाडी हायवेला एका दमात पंधरा-वीस मिनिटं पळायला लागते. सिग्नलला थांबत दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तो ताप कधी येतच नाही, काजळी साठत जाते, आधी लाइट लागते, मग गाडी ताकद कमी करते, आणि शेवटी नवीन फिल्टरचा खर्च बऱ्याच गाड्यांत लाखाच्या घरात जातो. काही ठिकाणी तो डीपीएफ कापून काढून आत मोकळी पाइप घालून देतात, तसलं काम केलेली गाडी घेऊ नका आणि आपल्या गाडीला करू पण नका, ते कायद्यात बसत नाही आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जाणार आहे. रोज कागल-कोल्हापूर, इचलकरंजी-कोल्हापूर, किंवा मालवाहतूक, असं रनिंग असेल त्यानं डिझेल खुशाल घ्यावी.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, पुरातल्या गाड्या.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण कोण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाच्या बाजूला अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं तर विचारू नका, सांगलीत पण तीच गत. त्या गाड्या पुढं कुठं गेल्या याचा कधी विचार केलाय का? सगळ्या काय भंगारात गेल्या नाहीत. विम्याच्या हिशोबात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे देतात आणि सांगाडा लिलावात निघतो. लिलावात घेणारा त्याला वाळवतो, वायरिंग जोडतो, इंजिन चालू करतो, आणि ती गाडी परत बाजारात उभी राहते, बऱ्याचदा दुसऱ्या जिल्ह्यात, जिथं तिला कोण ओळखत नाही. आणि आपल्याकडं येतात त्या दुसऱ्या शहरांतल्या पुराच्या.

दुरुस्त करून विकणं हा गुन्हा नाही हे मला माहिती आहे. माझा आक्षेप न सांगता विकण्याला आहे.

डिझेल गाडीला पुराचं पाणी पेट्रोलपेक्षा वाईट का ते पण सांगतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हवा एवढी दाबायची की तिच्या तापानंच डिझेल पेटतं, हे दाबायचं प्रमाण साधारण सोळा ते अठराला एक. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा अगदी थोडी. त्या जागेत पाणी असेल आणि कुणी घाईनं सेल्फ मारला तर पाणी काय दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड कधी लगेच तुटतो आणि कधी थोडासाच वाकून तसाच महिनोन्महिने चालतो, बारीक ठोका येतो, ऑइल खातो, आणि एक दिवस भर घाटात ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या विमा पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारल्यामुळं झालेलं असं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचा वेगळा ॲड-ऑन घ्यायला लागतो, आपल्या नदीकाठच्या गावांत तरी तो घ्यावाच. दुसरं म्हणजे डिझेल सिस्टिम. कॉमन रेलमधे डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो, पंपाचा प्लंजर आणि त्याचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते, आणि त्याला वेगळं ऑइल नाही, डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पाणी आलं की वंगण गेलं, गंज आला, आणि गंजाचा कण पुढं इंजेक्टरच्या भोकात जाऊन बसला.

मग बघायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पार शेवटपर्यंत, गाडी धुणारा वरचा पट्टा धुतो पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ तशीच राहते. स्टेपनी काढून तिच्या खालच्या खड्ड्यात हात घाला. सीट पुढं सरकवून ती ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट गंजलेत का बघा, कोपऱ्यातलं कार्पेट उचलून वास घ्या, डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायचा जो सॉकेट असतो त्याच्या पिना हिरव्या-पांढऱ्या पडल्यात का बघा, फ्यूज बॉक्स उघडा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. पाच वर्षांच्या गाडीत सगळं कार्पेट आणि सीट एकदम नवीन असेल तर विचारा का बदललं. आणि जून ते सप्टेंबरमधे मोठं काम झालेलं सर्व्हिस रेकॉर्डमधे दिसलं तर ते काम कशाचं होतं हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला तर बऱ्याच ठिकाणी हिस्ट्री सांगतात, मालकाला सोबत घेऊन जा म्हणजे नाही म्हणायला जागा राहत नाही. मालक सोबत यायलाच तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

मीटरबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहिती आहे की डिजिटल मीटर पण मागं घेता येतो. फक्त एवढा विचार करा, २०१४ ला ज्यानं पेट्रोलपेक्षा लाखभर जास्त मोजून डिझेल गाडी घेतली तो वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरवायला घेईल काय? दहा वर्षांची डिझेल आणि मीटरला ४८ हजार, असं दिसलं तर क्लच पेडलचं रबर बघा, स्टेअरिंगची कातडी बघा, ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, ४८ हजारात टायरचा तिसरा सेट असू शकत नाही. मला दीड लाख चाललेली खरी गाडी द्या, पन्नास हजाराची खोटी नको.

इंजिन बघायला जाताना एक अट घाला, गाडी सकाळी थंड असताना बघणार, आम्ही यायच्या आधी स्टार्ट करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला घेतं का, हीटर प्लगची खूण विझल्यावर लगेच घेतं का, घेतल्यावर धूर कसला. निळसर आणि जात नाही म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) सील गेलाय. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, नोझल नाहीतर कॉम्प्रेशन. पांढरा राहतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केट. रेस केल्यावर काळा भपका म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) जाम, टर्बोची पाइप फाटलेली, काहीही असू शकतं. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढा, थोडी वाफ येणारच, पण झाकण थडथड उडतंय आणि धुराचे झोत येतायत म्हणजे ज्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते आलंय, हाफ इंजिनचं (रिंगा-पिस्टनचं) काम डोक्यावर आहे, किंमत तशी बोला नाहीतर सोडा. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते काजळी धुऊन आणतंय म्हणून. ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र घाबरा. आणि मेकॅनिक स्वतःचा न्या, विकणाऱ्यानं दिलेला नको. स्कॅनर लावून इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे कुठला इंजेक्टर डिझेल कमी-जास्त टाकतोय ते, बघायला फार वेळ लागत नाही. नवीन इंजेक्टर एकेक पाच आकड्यात जातो आणि ते बहुतेक गाड्यांत चार असतात, टर्बो वेगळाच, त्यापुढं तपासणीचे पाच-सातशे रुपये काहीच नाहीत.

टायमिंग बेल्टचं पण विचारा. मल्टिजेटला चेन आहे, पण डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट आहे, फोर्डच्या १.५ ला पण. बेल्ट किलोमीटरवर किंवा वर्षावर बदलायचा असतो, बदलल्याची पावती नसेल तर घेतल्या दिवशी बदला, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून अख्खं हेड जातं. फोर्डनं इथं गाड्या बनवणं बंद केलंय, शेवरोले २०१७ ला विक्री थांबवून गेली, गाड्या चांगल्याच होत्या पण घ्यायच्या आधी चार पार्ट दुकानात विचारून बघा, मिळतात का आणि किती दिवसांत.

आता कागद. इथं माझ्या ओळखीच्या एका रिटायर शिक्षकांचं उदाहरण देतो, नाव लिहीत नाही. त्यांनी आपली डिझेल गाडी एजंटला विकली, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर) कोऱ्या सह्या केल्या, पैसे घेतले, विषय संपला असं समजले. गाडी एजंटकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेली, नावावर कुणीच केली नाही, आणि एक दिवस अपघात भरपाईच्या दाव्याची नोटीस सरांच्या घरी आली. सर म्हणतात गाडी माझी नाही, पण आरसीवर नाव त्यांचं. सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतनं गेली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून विकणाऱ्यांनो, कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०. हे आता बरंचसं ऑनलाइन आहे. घेणाऱ्यानं विमा पण १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्यायचा, आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, तेव्हा प्रीमियम वाढणार हे धरून चाला. कर्जाची गाडी असेल तर एचपी, म्हणजे आरसीवरचा कर्जाचा बोजा, उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा, पीयूसी, एचपी दिसतं, ई-चलन वेगळं बघा, काही गाड्यांवर दंडाचा डोंगर असतो.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल पण थोडं लिहितो. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादानं आणि मग २०१८ मधे सुप्रीम कोर्टानं बंदी आणली, त्यामुळं तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत यायला लागल्या. फोटोत झकास दिसतात. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, इथला नंबर, हे सगळं मिळवून हिशोब करा, आणि १२ महिन्यांच्या वर ती गाडी जुन्या नंबरवर इथं ठेवता येत नाही. कर्नाटक पासिंगच्या गाडीला पण हाच नियम, निपाणी कितीही जवळ असली तरी. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली खासगी गाडी असेल तर रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी कारला पूर्वी ६०० होती ती एप्रिल २०२२ पासून ५००० झाली, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस. मालवाहू गाडीला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. पिकअप घेणाऱ्या पोरांनी हे आधी विचारावं.

आणि आता नियम पाळण्याविषयी. डिसेंबर २०२२ मधे केंद्र सरकारनं नियम काढला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, की जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरनं आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी वर कळवायचं आणि तिथनं पुढं तो डीलरच गाडीचा मालक धरला जातो, अपघात झाला, गुन्ह्यात वापरली, तर जबाबदारी त्याची. गाडी रस्त्यावर काढली तर कशाला काढली, किती चालली याची नोंद त्यानं ठेवायची. एवढा चांगला नियम आहे. सरांनी गाडी अशा डीलरला दिली असती तर ती नोटीस त्यांच्या घरी आली नसती. पण मी माझ्या गिऱ्हाइकांना विचारतो की ज्याच्याकडनं घेतली त्याचं प्रमाणपत्र बघितलं का, तर त्यांना असं काही असतं हेच माहिती नसतं. हायवेच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर गाड्या लावून धंदा करणारे सगळेच वाईट नाहीत, त्यातले काही मला चांगले माहिती आहेत, सचोटीनं धंदा करतात, आणि असल्या लोकांचंच जास्त नुकसान होतं, कारण पुरातली गाडी पुसून विकणारा त्यांच्यापेक्षा वीस-तीस हजारानं स्वस्त देतो.

गाडी घेऊन झाल्यावर सांभाळायची कशी, यावर माझ्या धंद्यातलं थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिझेल फिल्टर हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि लोक त्यातच पैसे वाचवतात. घेतल्या घेतल्या फिल्टर बदला, ओरिजिनल, पुडक्यातला डुप्लिकेट नको. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा बोल्ट असतो, पावसाळ्यात महिन्यातनं एकदा तो ढिला करून पाणी सोडा, आपल्या गगनबावडा-राधानगरी बाजूला तर पावसात हवेतच इतकं पाणी असतं की अर्ध्या टाकीत आतनं थेंब धरतात. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. शेवटच्या लिटरपर्यंत गाडी पळवायची सवय सोडा, तळाचा गाळ वर येतो आणि पंप हवा ओढतो. रॉकेल किंवा स्वस्तातलं कुठलंतरी डिझेल कॅनमधनं घालू नका, रॉकेलला वंगण नाही, पंप कोरडा घासतो, आणि आजचं डिझेल एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं आहे, नवीन इंजेक्टर त्या हिशोबानं बनवलेत.

एअर फिल्टरला ऊसतोडीच्या सीझनमधे लई मार बसतो, रानातल्या कच्च्या रस्त्यावर ट्रॉलीच्या मागनं तासभर गेलं की किती धूळ जाते ते फिल्टर झटकल्यावर दिसतं. पण कॉम्प्रेसरची हवा जवळनं मारून तो कागद फाटतो, बारीक भोकं पडतात, आणि मग धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर आणि तिथनं रिंगांवर. दोनदा हलक्या हातानं झटका, तिसऱ्यांदा नवीन घाला. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच, डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, साधं घातलं तर त्याची राख फिल्टरमधे बसते आणि ती कशानंच जळत नाही. रेडिएटरला बोअरचं पाणी नको, क्षार धरतात, कूलंटच घाला. आंबा घाट नाहीतर करूळ घाट भरलेल्या गाडीनं चढून वर आल्यावर चहाला थांबला तर चावी लगेच फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलला चालू द्या, टर्बो लालभडक तापलेला असतो, इंजिन बंद म्हणजे त्याचं ऑइल बंद, आतलं ऑइल जळून कोळसा होतं आणि बेअरिंग खातं. उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा तर विचार पण नको, गिअरमधे असताना पाय उचलला की इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत, म्हणजे वाचत तर काही नाहीच आणि ब्रेक तापून जातात.

संपादक साहेब, माझी मागणी आपल्या पेपरमार्फत दोन ठिकाणी जावी ही विनंती.

एक, प्रादेशिक परिवहन कार्यालयानं जिल्ह्यातल्या अधिकृत जुन्या गाडी डीलरची यादी ऑफिसच्या बोर्डावर आणि वेबसाइटवर मराठीत लावावी, आणि ज्यांनी प्रमाणपत्र घेतलेलं नाही त्यांना मुदत देऊन घ्यायला लावावं. त्यांची दुकानं बंद करा असं मी म्हणत नाही, त्यांना नियमात आणा.

दोन, टोटल लॉस झालेल्या गाडीची नोंद आरसीच्या ऑनलाइन माहितीत दिसली पाहिजे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असं कलम ५५ सांगतं. पण विम्याच्या हिशोबात टोटल लॉस झालेली गाडी दुरुस्त होऊन परत चालू शकते, त्यामुळं ती या कलमात सरळ बसत नाही आणि तिच्या आरसीवर पूर्वीसारखंच सगळं स्वच्छ दिसतं. विमा कंपन्यांकडं प्रत्येक क्लेमची नोंद आहे. एमपरिवहनवर विमा कधी संपतो ते दिसतं, तिथंच आणखी एक ओळ दाखवायची, की अमुक वर्षी ही गाडी पाण्यामुळं किंवा अपघातामुळं टोटल लॉस झाली होती. ज्याला ती घ्यायची तो कमी किमतीत जाणून घेईल, मेकॅनिकला दाखवून घेईल, आणि दुरुस्त करून विकणाऱ्याचा धंदा पण चालेल, उघडपणे. हे काम एका आरटीओच्या हातातलं नाही, केंद्राच्या परिवहन खात्याचं आहे, तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांनी हा विषय तिथं मांडावा. दोन महापूर बघितलेल्या कोल्हापूरनं हे मागितलं नाही तर कोण मागणार?

तोपर्यंत पाऊस सुरू व्हायच्या आत ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी टोकन द्यायच्या आधी ती उद्यमनगरात कुठल्याही नोझलवाल्याकडं आणावी, रात्रभर उभी केलेली, थंड, सकाळी नऊच्या आत.

आपला,
एक डिझेल पंप मेकॅनिक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर